हेडपासून टेलपर्यंत : नवतप्यात वेल्सच्या कालव्यावर

२५ मेला नागपुरात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. २०२४ च्या त्या दिवशी मी इंग्लंडमधल्या रेनबरी नावाच्या खेड्यात, अंगात स्वेटर आणि वरून रेनकोट घालून, एका कालव्याच्या काठावर उभा होतो. मुलगी-जावई मँचेस्टरला असतात. नातीला मेच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते, म्हणून लेकीने आम्हा दोघांना बोलावून घेतले होते. "बाबा, तुमच्या आवडीचं काहीतरी ठरवलंय," एवढेच ती फोनवर बोलली होती. ते म्हणजे इंग्लंडमधून वेल्समध्ये जाणाऱ्या लँगॉलन कालव्यावर सात रात्री, आपणच चालवायच्या बोटीत.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यातली बरीच वर्षे नागपूरजवळच्या पेंच धरणाच्या उजव्या कालव्यावर. कालवा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे हेड (कालव्याचे तोंड), टेल (त्याचा शेवट), गेज (पाणी मोजायची पट्टी), वितरिका आणि पाण्याच्या पाळीसाठी रात्री-बेरात्री येणारे शेतकरी उभे राहतात. कालव्यावरून बोट जाते, आणि ती चढसुद्धा चढते, हे मी फक्त वाचले होते. तशी बोट आमच्या नागपूरकडेही एकदा येता येता राहिली. ते ओघात सांगतोच.

शनिवार, रेनबरी

बोट ५७ फूट लांब आणि रुंदीला ७ फुटांहून दोन इंच कमी. इथली लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दगडी हौद, ७ फूट रुंद, म्हणून बोटी अशा काडीसारख्या. आत ओटा, गॅस, फ्रीज, झोपायच्या दोन खोल्या, न्हाणीघर, सगळे एका रांगेत. एकजण चहा गाळायला उभा राहिला की दुसऱ्याने थांबायचे. यार्डातल्या पोराने पाऊण तासात सगळे समजावले. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, समोरून बोट आली की आपण उजवी बाजू धरायची, आणि ताशी ४ मैलांपेक्षा जास्त वेग घ्यायचा नाही. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून तर याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे दोर ओढले जातात.

पहिला तास माझी मान अवघडली. बोट मागे उभे राहून चालवायची आणि तिचे नाक ५० फूट पुढे! दांडा हलवल्यावर दोन-तीन श्वासांनी ती वळायला लागते. काठावरून कुत्रा घेऊन चाललेल्या एक आजीबाई आम्हाला सहज मागे टाकून गेल्या.

मुक्काम बहुतेक ठिकाणी करता येतो. काठाच्या गवतात लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि दोर बांधायचे. सौ.ने नागपूरहून मुगवड्या, कुरड्या आणि सावजी मसाला आणला होता. रात्री मुगवडीचा रस्सा आणि गरम भात झाला. बाहेर साडेनऊपर्यंत उजेड होता आणि मेंढ्यांची कोकरे आयांना हाका मारत होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे इथेच सांगतो. बॅगा मऊ कापडाच्या न्या, कडक सुटकेसला बोटीत जागा नाही. न घसरणारे बूट आणि कामाचे हातमोजे हवेतच, ओला दोर हात सोलतो. लहान मुलांचे लाइफ जॅकेट ताब्यात घेतानाच अंगावर घालून बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी असते, तेव्हा बोटी आधीच भरलेल्या असतात.

रविवार, दहा लॉक

सकाळी मारबरीचे लॉक. माझ्यासाठी खरा दिवस इथे सुरू झाला.

लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला दगडी हौद. खालून आलेली बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि वरच्या झडपा उघडून पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी बोट वर येते. पाणी वरच्या कालव्याच्या पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडायचा. पंप नाही, मोटार नाही. खालच्या दरवाज्याची दोन पाने वरच्या बाणासारखी मिटतात, त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे. पाण्याचा दाब वाढेल तशी ती घट्ट बसतात. झडप उघडायला 'विंडलस' नावाची लोखंडी वाकडी किल्ली असते. ती दातेरी चाकाच्या दांड्यावर बसवून फिरवली की कट्-कट्-कट् करत झडप वर येते. पेंचच्या शाखा कालव्यावर आमचे गेट उचलायचे तेव्हा हाच आवाज यायचा. डोळे मिटले असते तर मी मौद्याकडे उभा आहे असेच वाटले असते.

दरवाज्याला वीसेक फुटांचा जाड लाकडी ओंडका जोडलेला असतो. त्याला पाठ लावून ढकलायचे. नात आधीच पाठ लावून तयार. "आबाजी, हे तर हलतच नाही!" मी म्हटले, थांब, पाण्याकडे बघ. आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात अजून दोन इंचांचा फरक होता. तेवढा फरक असला तरी जावईबापूंसारख्या दणकट माणसालाही दरवाजा दाद देत नाही. हौदातले भोवरे विरत गेले, मग शेवटचा बुडबुडाही थांबला. नातीच्या पाठीला आधी तो किंचित सरकल्याचे कळले. दगडी पट्टीवर पाय रोवत नऊ वर्षांच्या त्या पोरीने टनावारी लाकूड एकटीने उघडले. आणि ती ओरडली नाही की नाचली नाही, चालत चालत ओंडका शेवटपर्यंत नेला.

माझ्यातला सरकारी माणूस मनात हिशेब करत होता. ७० फूट लांब, ७ फूट रुंद, ६-७ फूट चढ, म्हणजे एका भरण्याला साधारण लाखभर लिटर पाणी. ते दरवेळी वरून खाली जाणार. मग वरून सतत पाणी यायला हवे. ते कुठून येते, हे डोळ्यांनी बघायचेच, असे तिथे ठरवले.

विलीमूरच्या लॉकवर आमची चूक झाली. झडप उचलून झाल्यावर जावईबापूंनी विंडलस दांड्यावरच ठेवला. खटका सुटला, चाक उलटे गरगरले आणि लोखंडी किल्ली उडून पाण्यात गेली. कुणाच्या तोंडावर बसली असती तर दात गेले असते. म्हणून कळकळीने सांगतो, हात काढला की किल्लीही काढा, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा ठेवू नका. आणि यार्डातून निघतानाच जास्तीची मागून घ्या.

दुपारी ग्रिंडली ब्रुक आले. इथे सहा लॉक आहेत. पहिली तीन सुटी, वरची तीन एकमेकांना चिकटलेली. एकाचा वरचा दरवाजा तोच दुसऱ्याचा खालचा, अक्षरशः पाण्याचा जिना. तिथे क्रम चुकला तर एक हौद कोरडा पडतो किंवा दुसरा उतू जातो, म्हणून हंगामात लॉकवर माणूस असतो. सोमवारची बँकेची सुट्टी जोडून आल्याने बोटींची रांग लागली होती, दीड तास थांबावे लागले.

लॉकवरचे गृहस्थ सत्तरीचे, स्वयंसेवक. आयुष्य रेल्वेत गेलेले. सौ.ने त्यांना संत्रा बर्फी दिली. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि दुसरा बायकोसाठी रुमालात बांधला. कुठून आलात विचारले. नागपूर म्हटल्यावर मी त्यांना आमच्या न आलेल्या बोटीची हकीकत सांगितली.

सर आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. त्यांचा पुढचा विचार असा होता की समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा असा जलमार्ग करायचा आणि हिंगणघाट-नागपूरकडचा कापूस बोटीने किनाऱ्याला उतरवायचा. वाटेत तीन ठिकाणी नदीत खडकांच्या रांगा आहेत. तिथे नदीला बगल देऊन कालवे आणि लॉक बांधायची. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि या कामाला जोर चढला. पहिल्या अडथळ्याशी, दुम्मुगुडेमला, बरेच काम झालेही. पण १८६७ मध्ये नागपुरात रेल्वे पोचली आणि १८७१ मध्ये जलमार्गाचे काम बंद केले. सौ.चे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ ला सुरू झालेल्या त्या गिरणीने नागपूरचा कापूस नागपुरातच कातला, ही पुढची गोष्ट तिने सांगितली आणि लेकीने त्यांना इंग्रजीत समजावली.

गृहस्थ ओंडक्यावर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, तुम्ही ज्याच्यावर उभे आहात तो कालवाही जिथे जायचा होता तिथे गेलेला नाही. कसे ते पुढे पाँटकसल्टेच्या जलसेतूला, कालवा वाहून नेणाऱ्या पुलाला, पोचलात की बघा. आणि आमचा नंबर आला.

सोमवार, पावसातली काळी जमीन

दिवसभर झिमझिम. दांड्याशी उभ्या माणसाला छत नाही, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी संपे त्याला आत चहा आणि चण्याची झणझणीत तर्री घातलेले पोहे. पाऊस, थंडी आणि तर्री यांचे इतके जमते, हे नागपुरात कधी कळले नव्हते.

दुपारी कालवा विक्सल मॉस नावाच्या दलदलीतून सरळ रेषेत जातो. दोन्हीकडे काळपट सपाट जमीन, बर्चची झाडे, पांढऱ्या तुऱ्यांचे गवत. ही जमीन म्हणजे शतकानुशतके कुजून साठलेले शेवाळ, पाणी धरणारा स्पंजच. कालव्याचे भराव त्यात सतत खचायचे. १८०४ पासून पुढे दीडशेहून अधिक वर्षे मजुरांची एक कायमची टोळी फक्त इथले काठ पुन्हा पुन्हा उंच करायला नेमलेली होती.

हे ऐकून मला आमची काळी कापसाची माती आठवली. पाणी मिळाले की फुगते, उन्हात भेगाळते आणि अस्तराचे काँक्रीट फोडून काढते. म्हणून अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा, मुरमाचा थर द्यावा लागतो. दिला तरी दर उन्हाळ्यात कुठेतरी पाझर निघतोच. जमीन कुठलीही असो, काठ राखायला माणूस कायम लागतो. ज्या टोळीचे एकही नाव मला ठाऊक नाही, तिच्याविषयी त्या पावसात फार आपलेपणा वाटला.

एल्समिअरला रात्रीचा मुक्काम. गाव छान आहे, बाजूला तळे आहे, दुकाने धक्क्यापासून जवळ. किराणा आणि पिण्याचे पाणी इथे भरून घ्या. टाकी रोज भरली तर पाच माणसांना अडचण येत नाही.

मंगळवार, चर्क

ऊन पडले. न्यू मार्टनची दोन लॉक आम्ही वीस-वीस मिनिटांत पार केली. यापुढे लँगॉलनपर्यंत एकही लॉक नाही. चढ संपून डोंगर सुरू होतो. हॉथॉर्नची झुडपे पांढऱ्या फुलांनी इतकी लदलेली की फांदी दिसत नव्हती.

चर्कला कालवा दगडी पुलावरून दरी ओलांडतो. पूल १८०१ चा, ७० फूट उंच. शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल आहे, तो १८४८ चा. पुलाच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स. आम्ही मधोमध असताना डोक्यावरून गाडी गेली. नात खिडकीतल्या लोकांना हात हलवत होती आणि मी त्या दोन वर्षांकडे बघत होतो. पाण्याच्या वाटेला रेल्वेने इथेही गाठले, फक्त सत्तेचाळीस वर्षे उशिरा. आमच्याकडे तेवढी सवड मिळाली नाही.

पूल संपताच बोगदा, ४२१ मीटर. एकाच बोटीपुरता. समोरून दिवा दिसत नाही ना, हे बघूनच आत शिरायचे. आत पाण्याचा उलटा ओढ असा जाणवला की इंजिन तेवढेच असून बोट निम्म्यावर आली. इतर कालव्यांचे पाणी जवळपास स्थिर असते, याला चक्क धार आहे. मला आता पाण्याचे उगमस्थान जवळ आल्यासारखे वाटू लागले.

गावात सौ.ने 'बारा ब्रिथ' घेतला. चहात भिजवलेले बेदाणे घालून केलेला वेल्सचा गोड पाव. लोणी लावून खाल्ला आणि तिने दुकानातल्या बाईंकडून कृती वहीत उतरवून घेतली.

बुधवार, आकाशातून

सकाळी लवकर निघालो, कारण पाँटकसल्टेवर एका वेळी एकाच दिशेने बोटी जातात आणि दहा वाजल्यानंतर थांबावे लागते.

थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचे हे काम. १८०५ साली खुले झाले, २००९ पासून जागतिक वारसा. ३०७ मीटर लांब, डी नदीपासून ३८ मीटर उंच. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ आणि पन्हळीत कालवा. चुन्यात बैलाचे रक्त मिसळले होते असे सांगतात. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची कड पाण्याच्या वर काही इंच, आणि बोटीच्या काठावरून थेट खाली नदी, झाडांचे शेंडे, एक फुटबॉलचे मैदान.

दांडा माझ्या हातात होता. खरे तर इथे वळवायचे काही नसते, पन्हळच बोटीला नेते. सौ. आतल्या खिडकीशी बसली होती. तिला काठ दिसतच नव्हता, फक्त हवा. "अहो, आपण कशावर आहोत?" तिने आतून विचारले. मी म्हटले, लोखंडावर. पोचेपर्यंत ती पुढे काही बोलली नाही, पण खिडकीही सोडली नाही.

मी मात्र पन्हळीचे सांधे बघत होतो. दोनशेहून अधिक वर्षांनीही ते टिकले आहेत. आमचे जलसेतू जेमतेम चाळिशीचे, आणि त्यांच्या सांध्यांतून गळणाऱ्या पाण्यासाठी मी किती प्रस्ताव लिहिले असतील!

पलीकडे ट्रेव्हरला पोचलो आणि लॉकवाल्या गृहस्थांचे बोलणे उलगडले. कालवा सरळ पुढे थोडासा जातो आणि थांबतो. मूळ बेत सेव्हर्न आणि मर्सी या नद्या जोडण्याचा होता. ट्रेव्हरपासून चेस्टरकडे जाणारा मुख्य कालवा बांधलाच गेला नाही. लँगॉलनकडे वळणारी चिंचोळी शाखा मुळात प्रामुख्याने पाणी आणण्यासाठी होती, आमच्या भाषेत भरणा कालवा. आज सगळे हौशी लोक त्या भरणा कालव्यावरून फिरतात.

शेवटचा टप्पा खडकात कोरलेला, एका बोटीपुरता. लेक उतरून पुढे चालत गेली आणि फोनवरून "या, मोकळं आहे" म्हणाली की आम्ही निघायचो. तुमच्याकडे चालणारे कुणी असेल तर हेच करा, मागे बोट घेणे फार जड जाते.

लँगॉलनला बोटी थांबतात. पुढे इंजिनाची बोट नेता येत नाही, घोड्याने ओढायच्या बोटी तेवढ्या जातात, १८८४ पासून. आम्ही पायी निघालो. तीनेक किलोमीटर काठाने चालल्यावर हॉर्सशू फॉल्स. नाव धबधब्याचे, पण आहे तो बंधारा. टेलफर्डनेच डी नदीवर घातलेला, १४० मीटर लांब, चंद्रकोरीसारखा वाकलेला. नदीचे पाणी त्या कोरीवरून इतके पातळ आणि सारखे घसरते की कुणी चादर ओढतोय असे वाटते. आणि कडेला एक दरवाजा, तिथून थोडे पाणी कालव्यात शिरते. हेच ते हेड. जवळ एक छोटी खोली आहे, कालव्यात किती पाणी जाते ते मोजायची. घरचे फोटो काढत होते. मी खोलीच्या बंद काचेतून आत काही दिसते का बघत बराच वेळ उभा राहिलो. गेज वाचणे हे माझ्या नोकरीतले पहिले काम होते.

गुरुवार, शुक्रवार

परतीला धार आपल्या बाजूची, बोट नुसती पळते. उतरताना लॉकमध्ये एकच काळजी घ्यायची. वरच्या दरवाज्यापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो, काठावर पांढरी रेघ काढलेली असते. बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढेच ठेवा. उंबऱ्यावर अडकली तर पाणी उतरते आणि बोट लटकते. शुक्रवारी ग्रिंडली ब्रुकला ते गृहस्थ नव्हते. त्यांच्यासाठी ठेवलेली बर्फी दुसऱ्या स्वयंसेवक बाईंकडे दिली.

शनिवार, टेल

बोट सोपवून मँचेस्टरला जाताना मी जावईबापूंना हर्लस्टनकडे गाडी घ्यायला लावली. तिथे चार लॉक उतरून हा कालवा दुसऱ्याला मिळतो, आणि बाजूला मोठा जलाशय आहे. डी नदीचे पाणी अख्खा कालवा चालत येऊन इथे पडते आणि शुद्ध होऊन घरोघरी जाते, रोज सुमारे १.२ कोटी गॅलन. १९४४ साली इंग्लंडमधले कितीतरी कालवे बोटींसाठी कायद्याने बंद झाले. हा मातीने बुजवला गेला नाही, तो याच पाण्यामुळे. माझ्या पेंचच्या उजव्या कालव्यानेही नागपूरला वर्षानुवर्षे पिण्याचे पाणी आणले आहे. जलाशयाचा बांध फक्त खालून दिसला, तरी मी समाधानाने गाडीत बसलो.

जूनमध्ये नागपुरात परतलो, पहिला पाऊस पडून गेला होता. आमचे जुने मोजणीदार मौद्याहून भेटायला आले. त्यांनी चष्मा पुसून फोनवरचे सगळे फोटो बघितले. लोखंडी पन्हळीवर थांबले नाहीत, पाण्याच्या जिन्यावरही नाहीत. बंधाऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले,

"साहेब, टेलले पाणी पोचते का जी?"

"पोचते," मी म्हटले. "बारा महिने."

त्यांनी तो फोटो पुन्हा मोठा करून बघितला.